जस्तातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायचा: अतिनील दिवा, वर्खाचा विद्युतदर्शी आणि खात्रीच्या चाचण्या

अणूतून कण काढण्यासाठी दर वेळी मोठं यंत्र लागतं असं नाही. जस्ताची घासलेली पट्टी, वॉटर प्युरिफायरमधली यूव्ही ट्यूब आणि बरणीत टांगलेलं चांदीच्या वर्खाचं पान एवढ्या सामानात इलेक्ट्रॉन धातू सोडून जाताना दिसतो. पट्टीशी जोडलेलं हे पान म्हणजेच विद्युतदर्शी: प्रभार दिला की पान उचललं जातं, प्रभार गेला की खाली येतं. मात्र पान खाली आलं म्हणजे प्रकाशानेच इलेक्ट्रॉन काढला, असं लगेच सिद्ध होत नाही. दमट हवा, जवळची ज्योत, खराब इन्सुलेटर यांपैकी कशानेही पान पडतं. म्हणून या लेखात जुळणीपेक्षा चाचण्यांना जास्त जागा दिली आहे. त्या वगळून केलेला प्रयोग फक्त देखावा ठरतो.

कोणता कण, किती ऊर्जेला

हायड्रोजनच्या अणूतला एकुलता एक इलेक्ट्रॉन काढायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक) लागतात. सोडियमच्या सुट्या अणूला ५.१४ आणि जस्ताच्या सुट्या अणूला ९.३९ लागतात. सुटा अणू म्हणजे वाफेतला, शेजारी कोणी नसलेला. धातूच्या पत्र्यात बाहेरचे इलेक्ट्रॉन एकट्या अणूचे नसून सगळ्यांचे सामायिक असतात, त्यामुळे तिथे काम स्वस्तात होतं. जस्ताच्या पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन काढायला साधारण ४.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. या आकड्याला वर्क फंक्शन म्हणतात. आपला सगळा प्रयोग ९.३९ आणि ४.३ यांतल्या फरकामुळेच टेबलावर शक्य होतो.

केंद्रकाचं गणित पूर्ण वेगळं आहे. ड्यूटेरियमच्या, म्हणजे जड हायड्रोजनच्या, केंद्रकातून न्यूट्रॉन सोडवायला २२ लाखांहून जास्त इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणजे आपल्या दिव्याच्या एका फोटॉनच्या (प्रकाशाच्या एका कणाच्या) ऊर्जेच्या सुमारे साडेचार लाख पट. बेरिलियमच्या केंद्रकात एक न्यूट्रॉन सैल असतो, तरी त्यालाही जवळपास १७ लाख लागतात. रदरफर्डने १९१९ मध्ये अल्फा कण वापरून नायट्रोजनमधून प्रोटॉन काढल्याचं जाहीर केलं. चॅडविक आणि गोल्डहाबर यांनी १९३४ मध्ये थोरियमच्या साखळीतले गॅमा किरण वापरून ड्यूटेरियम फोडलं. मुंबईत तुर्भ्याची (ट्रॉम्बेची) अप्सरा अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली. तिथे युरेनियमच्या केंद्रकांचे तुकडे होताना न्यूट्रॉन बाहेर पडत. किरणोत्सारी स्रोत हाताळायला आपल्याकडे परवाना लागतो, आणि तो लागलाच पाहिजे. घरी किंवा शाळेत आपण इलेक्ट्रॉनपाशीच थांबायचं.

दिवा: इथेच बहुतेकांचं चुकतं

एक सूत्र पाठ करून ठेवा: १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की एका फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. ४.३ साठी उंबरठा २८८ नॅनोमीटरच्या आसपास येतो. त्याहून लांब लहरीचा प्रकाश कितीही प्रखर असला तरी जस्तातून इलेक्ट्रॉन निघत नाही.

आता बाजारातले दिवे या कसोटीला लावून पाहू. नोटा तपासायचा टॉर्च ३९५ नॅनोमीटरचा असतो. त्याचा फोटॉन ३.१४ चा, म्हणजे उपयोग नाही. नेल पॉलिश सुकवायचा दिवा आणि जांभळट काळ्या काचेची ब्लॅकलाइट ट्यूब ३६५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देतात. तो फोटॉन ३.४० चा, त्यामुळे तोही बाद. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात साधारण २९० नॅनोमीटरखालचं काही उरत नाही, म्हणून पट्टी उन्हात ठेवूनही भागत नाही.

हवी ती ट्यूब म्हणजे जंतुनाशक, कमी दाबाच्या पाऱ्याची. तिची मुख्य रेषा २५३.७ नॅनोमीटरला आहे आणि फोटॉन ४.८९ चा. वॉटर प्युरिफायरसाठी ८ किंवा ११ वॉटची ट्यूब चोकसकट सुटी मिळते. मुंबईच्या लोहार चाळीत, पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा प्युरिफायरचे स्पेअर विकणाऱ्या कुठल्याही दुकानात विचारा. काच पूर्ण पारदर्शक हवी, आत पांढरा थर नको. ‘ओझोन-फ्री’ लिहिलेलीच घ्या. दुसऱ्या जातीच्या ट्यूबमधून १८५ नॅनोमीटरची रेषाही बाहेर पडते. तिने खोलीत ओझोन साचतो आणि पट्टीही लवकर खराब होते.

२७५ नॅनोमीटरचा एलईडीही चालतो. त्याचा फोटॉन ४.५१ चा, म्हणजे उंबरठ्याच्या जेमतेम वर, आणि प्रकाश मोजक्या मिलीवॉटचा. तो पट्टीपासून २-३ सेंटिमीटरवर धरावा लागतो आणि पट्टी नुकतीच घासलेली असावी लागते. पहिल्यांदा करत असाल तर ट्यूबच घ्या.

सुरक्षितता, जुळणीच्या आधी

२५४ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही. ट्यूबमधून दिसते ती फिकट निळी झाक पाऱ्याच्या दुसऱ्या रेषांची आहे, त्यामुळे ‘फार उजेड नाही, चालेल’ हा अंदाज घातक ठरतो. या तरंगलांबीसाठी बरीच वर्षं वापरात असलेली मर्यादा आठ तासांत चौरस सेंटिमीटरला ६ मिलिज्यूल एवढी आहे. उघडी ११ वॉटची ट्यूब १ मीटरवर दर सेकंदाला साधारण ०.०३ मिलिज्यूल टाकते, म्हणजे मर्यादा तीन-साडेतीन मिनिटांत संपते. ३० सेंटिमीटरवर ती २० सेकंदांतच संपते. त्रास लगेच जाणवत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चुरचुरतं आणि कातडी भाजल्यासारखी लाल होते.

म्हणून ट्यूब पुठ्ठ्याच्या किंवा पत्र्याच्या खोक्यात बसवा आणि एका बाजूला फक्त ४ × ४ सेंटिमीटरची खिडकी ठेवा. खिडकी पट्टीकडे, पट्टीमागे काळा पुठ्ठा, आणि माणसं सगळी खोक्याच्या मागच्या बाजूला. बाजू झाकणारा पॉलिकार्बोनेटचा गॉगल, लांब बाह्या आणि हातमोजे वापरा. खिडकीवर सरकणारं पुठ्ठ्याचं झाकण ठेवा. दिवा चालू-बंद करत बसण्यापेक्षा झाकण सरकवणं बरं, कारण ट्यूबला पूर्ण तेजावर यायला मिनिटभर लागतं. मुलांना प्रयोग दाखवायचा असेल तर पानाची सावली पडद्यावर पाडा किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने बाजूने दाखवा, म्हणजे कोणाला जवळ यायची गरज उरत नाही.

ट्यूब उघड्या बोटांनी धरू नका. बोटांचं तेल हा प्रकाश शोषतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. फुटली तर आत थोडा पारा असतो: खिडक्या उघडा, पंखा बंद ठेवा, झाडू मारू नका, जाड कागद आणि चिकटपट्टीने तुकडे उचला.

विद्युतदर्शी

शाळेत सुवर्णपत्र विद्युतदर्शी असेल तर तो उत्तम. नसेल तर अर्ध्या लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी, १२ सेंटिमीटर लांब आणि ३ मिलिमीटर जाड तांब्याची किंवा पितळेची सळई, आणि पान एवढंच लागतं.

सळई बरणीच्या झाकणातून थेट घालू नका. झाकणाला मोठं भोक पाडून त्यात टेफ्लॉनचा, अॅक्रिलिकचा किंवा वितळवलेल्या मेणाचा गोळा बसवा आणि सळई त्यातून न्या. लाकूड, पुठ्ठा आणि साधं बूच दिसायला विद्युतरोधक असले तरी हवेतलं पाणी शोषतात आणि प्रभार मिनिटभरही टिकू देत नाहीत. काळं रबरही टाळा, त्यात बऱ्याचदा कार्बन मिसळलेला असतो.

पानासाठी मिठाईवर लावतात तो खरा चांदीचा वर्ख घ्या. तो एक मायक्रॉनहूनही पातळ असतो, त्यामुळे थोड्या प्रभारानेही उचलला जातो. वर्ख दोन कागदांमध्ये ठेवूनच धारदार ब्लेडने ५ × ४० मिलिमीटरची पट्टी कापा. पंखा बंद, श्वास आवरलेला. सळईचं खालचं टोक ठोकून चपटं करा, त्याला अंड्याच्या पांढऱ्याचा किंवा पातळ डिंकाचा ठिपका लावा आणि पट्टीचं वरचं टोक अलगद टेकवा. वर्ख जमलाच नाही तर स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल चालतो, पण तो बराच जाड असल्याने संवेदनशीलता खूप कमी होते. बरणीच्या आतल्या बाजूला फॉइलची एक पट्टी चिकटवून ती तारेने जमिनीशी जोडा, म्हणजे पानाचं वागणं स्थिर राहतं. मागे अंशांचा कागद लावा.

पट्टी

५ × ५ सेंटिमीटरची जस्ताची पट्टी रसायनांच्या दुकानात मिळते. जुन्या कार्बन-झिंक सेलचा जस्ताचा डबाही उघडून सपाट करता येतो. मात्र अल्कलाइन सेल उघडू नका, त्यात दाहक द्रव असतो. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा चालतो, पण त्यावरचा जस्ताचा थर पातळ असतो. जोर लावून घासलात तर खालचं लोखंड वर येतं.

आधी २२० नंबरच्या आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पट्टी चकचकीत होईपर्यंत कोरडीच घासा, स्वच्छ कापडाने पूड पुसा आणि पृष्ठभागाला परत बोट लावू नका. हे काम अगदी शेवटी, प्रभार देण्याच्या आधी दोन मिनिटं करायचं. हवेत जस्तावर ऑक्साइड आणि ओलावा बसू लागतो आणि परिणाम काही मिनिटांतच मंदावतो. हालवाक्स या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये जस्ताची पट्टी आणि विद्युतदर्शी घेऊन हाच प्रयोग केला. पुढे त्याने या ‘थकव्या’चाही अभ्यास केला आणि त्यात ओझोनचा हात असल्याचं मांडलं. काल घासलेली पट्टी आज परत घासावी लागते.

पट्टी सळईच्या वरच्या टोकाला क्लिपने उभी बसवा, घासलेली बाजू दिव्याकडे. अंतर १० सेंटिमीटर.

प्रयोग

पीव्हीसी पाइपचा तुकडा लोकरीच्या कापडाने जोरात घासा. पाइपवर ऋण प्रभार येतो. तो पट्टीच्या कडेवरून सरकवत न्या. नुसता टेकवून भागत नाही, कारण पाइप विद्युतरोधक आहे आणि जिथे स्पर्श होतो तिथलाच प्रभार उतरतो. पान ४० अंशांच्या आसपास उचललं की थांबा.

आता झाकण बंद ठेवून दोन मिनिटं काहीच करू नका. पान चार अंशांहून जास्त पडलं तर तुमचा इन्सुलेटर गळतो आहे आणि पुढचं सगळं निरर्थक आहे. हेअर ड्रायरने मेणाचा किंवा टेफ्लॉनचा भाग कोमट करून परत बघा. मेण वितळणार नाही इतपतच. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हा प्रयोग बहुधा जमतच नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला.

गळती थांबली की झाकण सरकवा. पान काही सेकंदांत उतरायला लागेल. आधी वेगाने, मग हळू. हवेत सुटलेला इलेक्ट्रॉन फार लांब जात नाही, बहुधा ऑक्सिजनच्या रेणूला चिकटतो. पट्टीचा ऋण प्रभार या नव्या आयनाला (प्रभार आलेल्या रेणूला) दूर ढकलतो. प्रभार कमी होत गेला की ढकलणंही मंदावतं आणि बरेच इलेक्ट्रॉन परत पट्टीवर येतात. वेग वाढवायचा असेल तर पट्टीपुढे २ सेंटिमीटरवर जमिनीशी जोडलेली तारेची जाळी ठेवा.

खात्रीच्या चाचण्या

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची: धन प्रभार. पाइप पट्टीजवळ आणा, न टेकवता. दुसऱ्या हाताचं बोट पट्टीच्या कडेला क्षणभर लावा, बोट आधी काढा, मग पाइप दूर न्या. पट्टीवर धन प्रभार राहतो. आता दिवा दाखवा. पान जवळजवळ जागेवरच राहायला हवं, कारण निघालेला प्रत्येक इलेक्ट्रॉन धन पट्टीकडे परत ओढला जातो. ते वेगाने पडत असेल तर हवा आयनीभूत होते आहे किंवा इन्सुलेटर गळतो आहे. हळूहळू पडत असेल तर खिडकीची धातूची कड, जाळी किंवा क्लिप तपासा: प्रकाश त्यांच्यावर पडून तिथले इलेक्ट्रॉन पट्टीकडे येत असतात. खोकं पुठ्ठ्याचं केल्याने हा त्रास बराच कमी होतो.

दुसरी: काच. ऋण प्रभार देऊन दिवा आणि पट्टीमध्ये खिडकीच्या साध्या काचेचा तुकडा धरा. निळी झाक तशीच दिसते, पण पान थांबतं. काच काढली की परत पडू लागतं. साधी काच २५४ नॅनोमीटर जाऊ देत नाही. प्युरिफायरमधली क्वार्ट्झची नळी मिळाली तर तीही मध्ये धरून पाहा. तिच्यातून परिणाम बराचसा टिकतो. एक पारदर्शक वस्तू थांबवते आणि दुसरी थांबवत नाही, एवढ्यानेच दिसणाऱ्या प्रकाशाचा मुद्दा निकालात निघतो.

तिसरी: भरपूर पण कमकुवत फोटॉन. १०० वॉटचा बल्ब किंवा मोठा हॅलोजन पट्टीपुढे लावा. तो यूव्ही ट्यूबपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश टाकतो, तरी पान हलत नाही. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडलं ते हेच: इलेक्ट्रॉन निघतो की नाही हे एका फोटॉनच्या ऊर्जेवर ठरतं, किती इलेक्ट्रॉन निघतात हे फोटॉनांच्या संख्येवर. आमच्या मते प्रयोगाचा गाभा ही तिसरी चाचणी आहे, आणि वर्गात हीच सर्वांत जास्त वेळा गाळली जाते.

चौथी झटपट होते. पेटती काडी पट्टीपासून ५ सेंटिमीटरवर धरा. पान ऋण असो वा धन, पडतं, कारण ज्योतीत दोन्ही प्रकारचे आयन असतात. दिव्याचा परिणाम एकाच चिन्हावर आणि ज्योतीचा दोन्हींवर, हे शेजारी शेजारी दाखवा.

नेहमीच्या अडचणी

प्रभार न देता दिवा लावून पान वर येण्याची वाट पाहणारे पुष्कळ असतात. तत्त्वतः पट्टी धन होते, पण फोटॉनकडे ४.८९ आणि जस्ताची मागणी ४.३, म्हणजे शिल्लक जेमतेम ०.६. पट्टी अर्ध्या-पाऊण व्होल्टला पोचली की इलेक्ट्रॉन सुटणं थांबतं. पान उचलायला शेकडो व्होल्ट लागतात, त्यामुळे काहीच दिसत नाही.

सगळं बरोबर असूनही पान हलत नसेल तर क्रमाने पाहा: ट्यूबवर प्लास्टिकचं किंवा काचेचं आवरण राहिलं आहे का, घासलेली बाजू उलटी बसली आहे का, प्रभार धन तर नाही ना. तांब्याची पट्टी वापरून ‘प्रयोग फसला’ म्हणणंही बरोबर नाही. तांब्याचा आकडा ४.७ च्या आसपास आहे, म्हणजे आपल्या दिव्यासमोर अगदी काठावर, आणि थोडासा मळही त्याला पुरतो.

किती इलेक्ट्रॉन निघाले?

पट्टीसकट विद्युतदर्शीची धारकता (प्रभार साठवायची क्षमता) साधारण १० पिकोफॅरड धरा आणि सुरुवातीचं विभव १००० व्होल्ट. प्रभार १० नॅनोकूलोम, म्हणजे सुमारे ६० अब्ज इलेक्ट्रॉन. पट्टीच्या एका बाजूला, सर्वांत वरच्या थरात, सुमारे ४ कोटी अब्ज जस्ताचे अणू असतात. म्हणजे पृष्ठभागावरच्या दहा लाख अणूंमागे जेमतेम एक-दोन इलेक्ट्रॉन गेले. तेही आपणच पाइपने जादा दिलेले होते, त्यामुळे शेवटी पट्टी उदासीनच राहते आणि जस्त जस्तच राहतं.

आकडा काढायचा असेल तर: कॉलेजचा फोटोसेल

पानाने उंबरठा दिसतो, पण मोजता येत नाही. त्यासाठी बीएस्सीच्या प्रयोगशाळेतलं प्लांकच्या स्थिरांकाचं किट वापरा: निर्वात फोटोसेल (हवा काढलेली नळी, तिच्यात प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड आणि ते गोळा करणारा अॅनोड), रंगीत फिल्टर, हॅलोजन दिवा आणि नॅनोअँपिअर दाखवणारा मीटर. फिल्टर लावा, उलटं विभव हळूहळू वाढवा आणि प्रवाह शून्य होतो ते विभव नोंदवा. हेच स्टॉपिंग पोटेन्शियल. ४६० आणि ६३५ नॅनोमीटरच्या फिल्टरांमध्ये त्यात ०.७४ व्होल्टचा फरक यायला हवा. पाच फिल्टरांचे बिंदू वारंवारतेसमोर मांडले की रेषेचा उतार, म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनचा प्रभार, ४.१४ × १०⁻¹⁵ व्होल्ट-सेकंदच्या जवळ येतो. मिलिकनने १९१६ मध्ये हाच उतार काढून आइन्स्टाइनचं समीकरण पक्कं केलं.

उतार कमी आला तर बहुधा कारण एकच असतं: कॅथोडचा थोडा पदार्थ अॅनोडवर बसलेला असतो, त्यावर प्रकाश पडून उलटा प्रवाह वाहतो आणि मीटर वेळेआधीच शून्य दाखवतो. अशा वेळी शून्याचा बिंदू घेऊ नका. आलेख ऋण बाजूला सपाट होतो तिथला वळणबिंदू घ्या. लाल फिल्टरमधून थोडा जरी हिरवा प्रकाश झिरपला तरी मिळणारं विभव हिरव्याचं असतं, म्हणून फिल्टर एकेक करून तपासा आणि खोलीतले दिवे बंद ठेवा. उभ्या अक्षावरच्या छेदावरून कॅथोडचं वर्क फंक्शन काढायचा मोह आवरा. दोन धातूंमधल्या स्पर्श-विभवामुळे तो छेद अॅनोडचं वर्क फंक्शन देतो. उताराला त्याचा धक्का लागत नाही.